उपकार, दोन, तीन

माझ्या काठाखाली दोन बोटांवर एक पोचा आहे. त्याची लांबी दीड इंच. बाहेरून पाहिले तर तो खळगा दिसतो, आतून बोट फिरवले तर उंचवटा लागतो, आणि त्या उंचवट्याच्या वरच्या कडेला एक बारीक खाच आहे. मोनिका नववीत असताना तिने त्या खळग्यात मळलेली कणीक सपाट भरली, ती अलगद सोडवून शाळेतून आणलेल्या मोजपात्रातल्या पाण्यात टाकली आणि पाणी किती चढले ते पाहिले. सहा मिलिलिटर.

"आजी, तुझं मापटं सहा मिलिलिटर खोटं आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर मी शीग लावती," छबूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी एक जुने पितळी मापटे आहे. धान्य मोजायचे भांडे. माझ्यात अर्धा शेर धान्य बसते आणि काठाच्या वर जो ढीग राहतो, त्याला शीग म्हणतात. नगरच्या एका तांबटाने मला घडवले. त्याने पत्रा गोल वळवला, डाख देऊन बूड जोडले आणि काठ दुमडून गुळगुळीत केला. मोजणाऱ्याचा हात कापू नये म्हणून त्या काठावर त्याने सर्वांत जास्त वेळ घालवला होता, हे मला अजून आठवते.

माझी पहिली नोकरी धान्याच्या दुकानात होती. तिथला मापाडी पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसे. तो 'लाभ' म्हणे आणि त्यानंतर दोन, तीन, चार असे मोजत जाई. सुरुवात शुभ शब्दाने व्हावी, एवढाच त्यात हेतू होता. पुढे किलो आणि ग्रॅम आले. दुकानातले शेर, मापटी, पायल्या मोडीत निघाल्या. मीही भंगारात पडून होतो. तिथून घोडेगावच्या अलीकडच्या एका गावातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याने मला विकत घेतले. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या ज्या फाट्यावर वळतात, तिथून आमचे घर दीड किलोमीटर आत आहे.

या घरात माझी मोजणी बदलली. पहिल्या मापाला इथे 'लाभ'ही म्हणत नाहीत. 'उपकार' म्हणतात. दळण काढताना पहिले माप देवाचे उपकार मानून बाजूला ठेवायचे आणि ज्याला गरज आहे त्याच्या घरी पोचवायचे. मग दोन, तीन, चार ही मापे घरच्या डब्यात. 'एक' हा आकडा या घरात धान्याच्या बाबतीत कोणी उच्चारत नाही. दारात उभे राहून मोजणी ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटते, हे लोक एक विसरले.

आता पोच्याची गोष्ट सांगतो. बहात्तरचा दुष्काळ होता. छबूबाई लग्न होऊन नुकत्याच या घरी आल्या होत्या. त्या दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून परतल्या, तेव्हा घरात दोनच मापे ज्वारी उरली होती. सासरे म्हणाले, "पहिलं माप बाजूला काढ." छबूबाईंनी मला भरले नाही. भिंतीवर फेकले. "कशाचा उपकार?" एवढेच त्या बोलल्या.

घरात कोणी त्यांच्यावर ओरडले नाही. त्यांचे पती शांतवन यांनी मला उचलले, उजेडाकडे धरून पाहिले आणि त्यांच्या हातात परत दिले. "गळत न्हाई. मोजायला येतंय," ते म्हणाले. "आता जरा शीग लावत जा. भरून निघंल."

त्या दिवशीही पहिले माप शेजारी गेले. शीग लावून गेले. तेव्हापासून छबूबाईंनी मला काठोकाठ भरून कधी थांबवले नाही.

शांतवन जाऊन आता नऊ वर्षे झाली. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे मग आले, स्टीलच्या वाट्या आल्या आणि कित्येक दिवस मी फळीवर नुसता बसून असतो. पण दर शनिवारी दळण माझ्याशिवाय निघत नाही. ते काम करताना छबूबाई मोठ्याने प्रार्थना करतात. मी आजवर ऐकलेल्या प्रार्थनांमध्ये ही सर्वांत कमी मागणारी प्रार्थना आहे. नळाला आज मोठी धार आली, उपकार. शेळीने एकाच वेळी दोन्ही करडांना पाजले, उपकार. एकदा मध्येच लाईट गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पंख्याची खडखड थांबली, बाप्पा. उपकार." त्यांचा मुलगा वाल्मिक बाहेरून ओरडला, "आये, तुझ्या आभारामुळं वायरमन येत न्हाई बघ." त्या हसल्या आणि वायरमनसाठीही एक वाक्य जोडले.

हे ढोंग नाही, मित्रांनो. मी त्यांच्या हातात असतो. माणूस खोटे बोलताना त्याच्या बोटांची पकड बदलते. त्यांची बदलत नाही.

एकाच गोष्टीत ती बदलायची. गेली तीन वर्षे छबूबाई मी भरलो की नाही हे डोळ्यांनी पाहत नव्हत्या, अंगठा काठावरून फिरवून ठरवत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोनिका, म्हणजे वाल्मिकची मुलगी, नगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती सुटीला आली की हा विषय निघे.

"मंगळवारी आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर येतात, आजी. एका दिवसाचं काम आहे."

"पेरणी होऊ दे."

पेरणी झाली की सोंगणी, सोंगणी झाली की नाताळ, नाताळ झाला की उन्हाळा. शेवटी ठरलेले उत्तर येई. "देवानं सत्तर वर्षं दाखवलं. आता आनखी मागायचं म्हंजे हावरटपणा. हाय त्याचा उपकार मानावा."

"तू उपकार मानतेस का आपरेशन टाळतेस?" मोनिका एकदा म्हणाली. छबूबाईंनी मला पालथे घातले आणि उठून गेल्या. तेव्हा त्यांची पकड बदलली होती.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी जे घडले, त्याचा मी एकटाच साक्षीदार होतो आणि मला बोलता येत नव्हते.

वाल्मिकने गहू पेरला होता. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तांबडे औषध चोळतात. ते विषारी असते. रंग मुद्दाम भडक देतात, म्हणजे कोणी ते धान्य खायला घेणार नाही. पेरून उरलेले दोन-अडीच किलो बियाणे त्याने एका पांढऱ्या डब्यात ओतून धान्याच्या डब्यांपुढे ठेवले. रंग दिसतोच आहे, असे त्याला वाटले. पण पिकलेल्या मोतीबिंदूतून रंग मळकट दिसतात. छबूबाईंना तो गहू फक्त जरा काळपट वाटला.

त्यांनी दोन्ही डब्यांत हात घातला. पुढच्या डब्यातले दाणे टपोरे लागले. बियाणे निवडलेलेच असते. उपकाराचे माप त्या नेहमी चांगल्यातले काढतात, म्हणून त्यांनी मला त्या डब्यात बुडवले, शीग लावली, अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "उपकार." ज्यांच्या घरी हे माप पोचते, त्या आसारामबाबांच्या पिशवीत ते धान्य गेले. मग मागच्या डब्यातून दोन, तीन, चार, पाच. घरच्या दळणात विषाचा एक दाणाही नव्हता म्हटले तरी चालेल. सगळे विष दानात गेले होते.

दुपारी मोनिका नगरहून आली. भातासाठी तांदूळ काढायला तिने मला घेतले आणि थांबली. माझ्या त्या खाचेत तांबडी पूड साठली होती, रेघेसारखी.

"पप्पा, गव्हाचं बी कुठं ठेवलं?"

"पांढऱ्या डब्यात," वाल्मिक ओट्यावरून म्हणाला. "तांबडंलाल दिसतंय की. आंधळ्याला बी कळंल."

बोलून त्याने आईकडे पाहिले. छबूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचे तळहात वर केले, डोळ्यांजवळ नेले आणि त्यांवरचा तांबडा रंग त्यांना दिसला नाही. मोनिकाला दिसला.

मला हातात घेऊनच ती पळाली. आसारामबाबांचे घर चार घरे सोडून आहे. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ, शांतवन यांचे जुने मित्र. ते पडवीत बसले होते. पिशवी खुंटीला होती, भरलेली. मोनिकाने ती उतरवली, तेव्हा मागून छबूबाई भिंतीला हात लावत लावत पोचल्या.

"आसारामबाबा, यातलं काही खाल्लं नाही ना?"

"अजून दळलं न्हाई, पोरी. गिरणीत लाईट न्हाई." ते हसले. "तांबडं दिसलं मला. म्हटलं, नाताळ जवळ आलाय, वहिनींनी रंगवून दिलं आसंल."

"मग विचारलं का नाही?"

"दिल्याली वस्तू, तिची चौकशी करायची व्हय? किती वर्सं देत्यात त्या. धुतलं आसतं, वाळवलं आसतं, खाल्लं आसतं."

"धुऊन सगळं जात नाही ते, बाबा. दवाखान्यात न्यावं लागलं असतं तुम्हाला."

आसारामबाबांनी पिशवीकडे पाहिले, मग छबूबाईंकडे. "वहिनी, तुमचा उपकार आज लई जड गेला आसता बघा."

ते थट्टेने बोलले होते. पण छबूबाई पडवीच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. परतताना मोनिकाने त्यांचा हात धरला होता. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच आहात, आजी. ते दिलेलं बघून घेत नाहीत आणि तू देऊ केलेलं घेतच नाहीस."



पिशवीतले आणि डब्यात उरलेले बियाणे वाल्मिकने त्याच संध्याकाळी शेताच्या एका कडेला पेरून टाकले. माझ्यातून मोजलेले घरचे दळण मोनिकाने टाकायला लावले आणि आसारामबाबांना पोत्यातला गहू गेला. मला साबणाने तीन वेळा घासण्यात आले आणि माझी खाच मोनिकाने जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केली. घासताना ती एकदा म्हणाली, "बरं झालं तुला पोचा आहे." पन्नास वर्षांत माझ्या पोच्याचे कौतुक करणारी ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी उपकारस्तुतीचा रविवार होता. हंगाम घरात आला की आमची मंडळी वर्षातून एकदा आपापल्या पिकातले काही चर्चमध्ये आणतात. कोणी बाजरी आणतो, कोणी भोपळा, कोणी पाय बांधलेली कोंबडी. छबूबाईंनी मला बाजरीने भरून नेले. "सलाम, काकू," दारातली माणसे म्हणाली, त्यांनी आवाजावरून ओळखून प्रत्येकाला सलाम केला आणि मला पुढच्या टेबलावर ठेवले. मी एका भोपळ्याच्या आणि वीस अंड्यांच्या मध्ये बसलो.

पाळकसाहेब तरुण आहेत. ते लांब बोलत नाहीत. त्यांनी मला उचलून सगळ्यांना दाखवले.

"जसं माप तुम्ही द्याल तसं तुम्हाला मिळेल, हे आपण दरवर्षी ऐकतो. दाबून, हलवून, शीग लावून मिळेल. पण ते मिळणार कुठं, हे आपण ऐकत नाही. पदरात मिळणार, असं प्रभूनं सांगितलंय. आता आपल्या आया-बहिणींचा पदर दिवसभर कमरेला खोचलेला. देव शीग लावून ओतायला आला, तर ओतणार कशात?"

बायका हसल्या. दोघीतिघींनी हात कमरेकडे नेला.

मी टेबलावरून छबूबाईंकडे पाहत होतो. त्या हसल्या नव्हत्या. त्यांचा पदर खोचलेलाच होता. त्या या घरात आल्यापासून तो तसाच आहे.

मित्रांनो, मी आयुष्यभर धान्य मोजले आहे, म्हणून एक साधी गोष्ट सांगू शकतो. मला द्यायचे असेल तर मला आधी भरावे लागते, आणि भरायचे असेल तर मला सुलटे ठेवावे लागते. पालथ्या मापावर पायलीभर धान्य ओतले तरी ते जमिनीवर सांडते. तुमच्या घरातही कोणी असे असेल, जे सगळ्यांना देते आणि स्वतःच्या वाट्याला आलेले 'नको' म्हणून परत करते. त्या माणसाचे आभार मानाच. पण त्याला अधूनमधून काही घ्यायलाही लावा.

मग साक्ष देण्याची वेळ आली. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने उठून चार वाक्ये बोलायची. वाल्मिक उठला. विहिरीला पाणी टिकले म्हणून त्याने आभार मानले, आणि काल एक अनर्थ टळला म्हणूनही. तो बसला. मागून एका बाईने मुलाच्या निकालासाठी आभार मानले.

छबूबाई उठल्या. त्या चटयांमधून सावकाश पुढे आल्या, टेबल चाचपले आणि त्यांचा हात माझ्यावर स्थिरावला. अंगठा सवयीने काठावरून फिरला, पोच्याशी थांबला. सगळे वाट पाहत होते. त्यांनी दुसऱ्या हाताने कमरेचा पदर सोडवला आणि मोकळा केला.

"उपकार," त्या म्हणाल्या. "सत्तर वर्सं दाखवलं त्याचा."

पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटले, साक्ष संपली. कोणीतरी 'आमेन' म्हणाले. पण त्या खाली बसल्या नाहीत. मला आमच्या घरची मोजणी माहीत आहे. उपकारानंतर ती थांबत नसते.

"दोन," छबूबाई म्हणाल्या. "मोने, या मंगळवारी मला डोळ्याच्या डाक्टरकडं घिऊन चल."