अनंतरावांच्या मनगटावरची दुपार

मित्रांनो, मी एक जुना सुगंध आहे. दुकानात मला अत्तर म्हणतात. निळ्या कुपीच्या तळाशी माझे आता मोजकेच थेंब उरले आहेत. बाकीचा मी पुणेकरांच्या मनगटांवर खर्ची पडलो आणि त्याचं मला मुळीच दुःख नाही.

मैत्री नावाच्या मुलीने मला तिच्या स्वयंपाकघरात जन्म दिला. ती बँकेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी ड्रॉपर घेऊन बसायची. माझ्यात तिने लिंबाची साल आणि काळी मिरी घातली, बकुळ घातली, वाळा आणि चंदन घातलं. हे सगळे माझ्यात एकत्रच नांदतात; पण अंगाची ऊब लागली की लिंबू आणि मिरी आधी पळ काढतात. मग बकुळ हळूच पुढे येते. ती गेल्यावर वाळा आणि चंदन मागे राहतात, तेही रात्रीपर्यंत. मला पुरतं उलगडायला एक अख्खी दुपार लागते. स्वभावच सावकाश, त्याला मी तरी काय करणार?

कुपीचं बूच लावताना मैत्री मला म्हणाली, "तू दुकानातून परत आलास ना, तर हा नाद कायमचा सोडणार मी." ती हसत म्हणाली, पण बूच तिने दोनदा आवळलं. मला फार भीती वाटली.

तिने मला बुधवार पेठेत अनंतरावांच्या अत्तराच्या दुकानात नेलं. कानात अत्तराचा फाया ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांत अनंतरावांचं आयुष्य गेलेलं. त्यांची पारख ठरलेली: कापसावर एक थेंब, नाकाशी एकदा, की लागला निकाल. आता कापसाला कुठली आली अंगाची ऊब? त्यांना नुसतं लिंबू आणि मिरी लागली.

"सरबत छान झालंय," ते म्हणाले. "मिरपूड तेवढी जास्त पडली."

"काका, हातावर लावून जरा वेळ थांबाल का?"

"थांबायला हा बसस्टॉप आहे का? ठेवतो आठवडाभर. नाही खपलं तर घेऊन जा."

आठवडाभर जो तो माझं बूच काढून नाक मुरडत होता. शेवटच्या दिवशी अनंतरावांनी मैत्रीला फोन केला, "चारला या आणि तुमचं सरबत घेऊन जा." दुपारचं दुकान बंद करताना त्यांनी मला उचललं. बूच सैल राहिलं होतं. मी त्यांच्या मनगटावर ओघळलो. त्यांनी चरफडत हात रुमालाला पुसला, पण तेल कुठे एवढ्याने जातं! मित्रांनो, कुपीत मीच होतो आणि त्यांच्या मनगटावरही मीच.

मंडई ओलांडून घरी पोचेपर्यंत लिंबू उडून गेलं होतं. जेवताना त्यांची पत्नी हेमाताई आमटी वाढायला वाकल्या आणि थबकल्या.

"अहो, बकुळीची फुलं आणलीत?"

"कुणासाठी?" अनंतराव म्हणाले. बायको समोरच उभी होती. हेमाताईंनी मग आमटी बेतानेच वाढली.

मग ते आडवे झाले. जाग आली तेव्हा हात उशीवर, नाकापाशी होता आणि मी वाळ्यापर्यंत पोचलो होतो. माठातल्या पाण्यासारखा गार. त्यांनी डोळे न उघडता वास घेतला. पुन्हा घेतला.

"चार वाजले," हेमाताईंनी हाक मारली.

"थांब गं जरा," अनंतराव म्हणाले.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. मैत्री रिकामी पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. तिने कुपीसाठी हात पुढे केला. अनंतरावांनी बाही सारून आपलं मनगट पुढे धरलं.

"आधी वास घे."

मैत्री वाकली. तिच्या स्वतःच्या हातावर मी असा कधीच झालो नव्हतो. प्रत्येकाच्या अंगावर मी थोडा वेगळाच होतो. तिचे डोळे भरून आले.

"काका, हे मी केलंय?"

"मग काय मी केलंय?" अनंतराव फणकारले. मग कुपी त्यांनी फळीवर, अगदी पुढे मांडली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं. घाई केली." फळी पुसत त्यांनी विचारलं, "पुढचं कधी आणतेस?"

मैत्रीने पिशवीची घडी घातली. "पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. मला उन्हात ठेवू नका, बूच घट्ट लावा, आणि मला लावल्यावर मनगटं एकमेकांवर घासू नका, जीव गुदमरतो माझा. आणि पहिल्या वासाला नाक मुरडू नका. तेवढ्याने एखाद्या मैत्रीचे हात थांबतात. मला लावा आणि खुशाल आपल्या कामाला लागा. मी येतोच मागून.