नमुन्याची खुर्ची

साहेब, मला पुढे करून तुम्ही सगळ्यांना फसवलंत.

मित्रांनो, साहेब कोण ते मी सांगणार नाही. हे ऐकताना ज्याचे कान लाल होतील, तोच तो. मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे दोनच वर्षांची, पण बडोद्याजवळच्या सावली गावातल्या आमच्या कारखान्यातली पहिली. अर्धी प्लास्टिक, अर्धी केळ. घड उतरवल्यावर फेकून दिलेल्या खोडांचा धागा काढतात, कापतात, वितळलेल्या प्लास्टिकात मळतात आणि साच्यात दाबतात. म्हणून मी इतकी हलकी, की पहिलीतलं पोरही मला एका हाताने उचलतं.

माझा धागा दुर्गाताईंनी वाळवला. भट्टीतून काढायचा, तोलायचा, पुन्हा भट्टीत. वजन उतरायचं थांबलं, की मगच त्या "घ्या" म्हणायच्या. माझ्यावर पोती रचली, मला आपटलं. मी हूं की चूं केलं नाही. मग मला हार घातला आणि पाहुण्यांना दाखवायला यंत्राशेजारी उभं केलं. तिथूनच मी सगळं पाहिलं.

निजामपुऱ्यातल्या एका शाळेला दोनशे खुर्च्या हव्या होत्या. मुकादम उदयसिंहराव धावत आले.

"दुर्गाबेन, हवे केटली वार? अजून किती वेळ? साहेबांचा फोन आहे. आहे तसंच घाला म्हणतात."

"अहो भाऊ, ओलं आहे हे! आत वाफ कोंडली तर खुर्चीचा पाव होईल, पाव!"

"मग चहात बुडवून खाऊ. घाला!"

ताईंनी प्रत्येक गोणीवर खडूने 'ओलं' लिहिलं. आमच्याकडे गोण्या कधी कोणी धूत नाही. त्या संध्याकाळी मात्र सगळ्या धुतल्या. का बरं?

तीन महिन्यांत इरा नावाच्या मुलीखाली खुर्ची मोडली. मनगट गेलं पोरीचं. चौकशी आली, तेव्हा साहेबांनी तपासायला कोणती खुर्ची दिली? मी! मी पास झाले. मग साहेब म्हणाले, "आमची पद्धत चोख आहे. त्या बाईनेच कामचुकारपणा केला." ताईंना घरी बसवलं. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, 'वस्तू जपा' असं मी आता म्हणायला हवं. नाही म्हणणार. मला करवतीने कापा. शेजारी इराची मोडकी खुर्ची ठेवा. माझ्यात एक भोक सापडायचं नाही. तिच्यात पावासारखी जाळी दिसेल.

साहेब, हात तेच होते, भट्टी तीच होती. मग ओलं घालायला फोन कोणी केला? गोण्या कोणी धुवायला लावल्या?

उत्तर द्या.