वास्तुशांतीची जस्ती बादली

राजीवला त्या दिवशी फार काही नको होते. वास्तुशांतीला येणाऱ्या साहेबांनी फरशीत स्वतःचा चेहरा पाहावा आणि 'वा!' म्हणावे, इतकेच. त्या एका 'वा'साठी त्याने मला पुढे केले.

मित्रांनो, मी जुनी जस्ती बादली. लोखंडाचा पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवला, तेव्हा माझा जन्म झाला. जस्ताने स्वतः झिजायचे आणि लोखंडाला गंजू द्यायचे नाही, ही आमची रीत. पुण्यात राजीवच्या आईने, पार्वतीबाईंनी, वीस वर्षे मला प्रेमाने घासले आणि हट्टाने राजधानीतल्या द्वारका उपनगरातल्या नव्या फ्लॅटमध्ये आणले.

तेव्हा १९९७ साल होते. सोसायटी कोरी, लिफ्ट बंद, विजेचा मीटर यायचा होता. फरशीवर सिमेंटचे डाग होते. राजीवने माझ्यात फरशी धुण्याचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतले. त्याची बायको अलका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. ती ओरडली,

"अहो, ही जस्ताची! प्लास्टिकची घ्या. यात हायड्रोजन सुटेल."

"ती नवी आहे, पूजेला ठेवलीय. मॅडम, समीकरणं शाळेत जुळवा. इथे बघा, कसं चकाचक निघतंय!"

माझे मात्र कातडे सोलले जात होते. मी फसफसत होते. ही विस्थापन अभिक्रिया. जस्त घुसते, हायड्रोजनला हाकलते. या आम्लाच्या रेणूत हायड्रोजन एकटा असतो, बाहेर मात्र जोडीनेच पडतो. म्हणून जस्ताच्या एका अणूला आम्लाचे दोन रेणू लागतात.

जिन्यात पावले वाजली. साहेब लवकर आले! राजीवने मला बाथरूममध्ये ढकलले, वास येऊ नये म्हणून वर परात झाकली आणि दार लावले. अलकाने पाहिले. पण पाहुण्यांपुढे नवऱ्याला कशाला टोकायचे, म्हणून ती गप्प राहिली.

साहेब 'वा!' म्हणाले.

मग गुरुजींना पाय धुवायला पाणी हवे झाले. "थांबा, माझ्या बादलीतलं देते," म्हणत, ॲसिडचे काहीच ठाऊक नसलेल्या पार्वतीबाई निरांजन घेऊन अंधाऱ्या बाथरूममध्ये आल्या. त्यांनी परात उचलली.

परातीखाली साचलेल्या हायड्रोजनला निरांजनाची ज्योत लागली आणि स्फोट झाला. परात छतावर आदळली, झरोक्याची काच फुटली, उरलेले आम्ल पार्वतीबाईंच्या तोंडावर उडाले. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, त्यांतून पाण्याचे दोन. पुस्तकात याला संयोग म्हणतात. मला ऐकू आली ती किंकाळी.

"अलका, माझे डोळे गं!"

अलकाने पूजेची प्लास्टिकची बादली ओढली आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी ओतत राहिली. डावा वाचला.

आता मी बाल्कनीत गंजते आहे. मित्रांनो, भांड्यात काही ओतण्यापूर्वी ते भांडे कशाचे आहे ते विचारा. जाणत्याचे ऐका. आणि तुम्हीच जाणते असाल, तर पाहुण्यांदेखत ओरडा.

अणूंचा हिशेब चोख जुळला. डावीकडे जितके, उजवीकडे तितकेच, एकही हरवला नाही. राजीवला त्याचा 'वा!' मिळाला. त्यासाठी मी जस्त दिले, आणि पार्वतीबाईंनी उजवा डोळा.