चव बघायची पळी

"आज रश्श्यात मीठ घातलंय, की लांबून नुसतं दाखवलंय?" भांडी घासणाऱ्या मावशींनी परत आलेली ताटं टबात आपटली. "बघा, अर्धा रस्सा तसाच. कारखान्यातली सगळी माणसं आजारी पडली की काय?"

आचाऱ्यानं कढईवर झाकण ठेवलं. चवच बघायची नाही असं ठरवलेल्या माणसाला मत द्यायला तोंड कुठून असणार?

गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवा, असं सर्जननं बजावलं होतं. ऑपरेशन नाही तर उभं राहणं नाही, उभं राहणं नाही तर शेगडी नाही. कोठारात स्टुलावर बसून कांदे निवडायचे. म्हणून त्यानं खाणंच सोडलं. डब्यात उकडलेली कोबी आणली आणि पळी तोंडाला लावायची बंद केली. नफा म्हणावा तर वजनाचा काटा जरासा हलला. तोट्यात अख्खं कॅन्टीन गेलं. कोबीचा राग फोडणीवर निघे, फोडणी करपे, आणि गर्दी ओसरली की तो कढईतले उरलेले तळलेले बटाटे कोणी बघत नाही असं बघून बकाबका खाई. मावशी बघत असत.

शेवटी मॅनेजर येऊन हळूच म्हणाला, "असंच चाललं तर ऑपरेशनच्या आधीच कोठारात जावं लागेल हो तुम्हाला."

तेव्हा बायकोनं त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. ओढत नेलं म्हणणं जास्त बरोबर.

"कोबी सुरू करण्याआधी दिवसभरात काय खायचात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"खरंच हो," बायको म्हणाली, "घरी तर ताटाला शिवत नाहीत. मला वाटायचं, माझ्या हातालाच चव नाही."

"मग कामावर जेवत असतील."

"जेवायला वेळ कुठाय?" आचारी दुखावला. "नुसती चव बघतो."

"कशानं?"

त्यानं हातानं पळीचं माप दाखवलं. बायको आधी त्या मापाकडे, मग त्याच्या पोटाकडे बघत राहिली. "अहो, ती चव आहे? चार माणसांची पंगत उठेल त्यात!"

बाई हसल्या, पण पेन खाली ठेवून म्हणाल्या, "चव बघा. ते तुमचं कामच आहे. फक्त पळीऐवजी चमचा घ्या. आणि रोज दुपारी जेवा. अर्धं ताट भाजी, बरोबर डाळ नाहीतर अंडं, थोडा भात."

"आणि बटाटे?" हे त्यानं इतक्या बारीक आवाजात विचारलं, की बायकोलाच दया आली.

"घ्या ना चार फोडी. पण ताटात. कढईपाशी उभं राहून नाही. बसून."

"बसून?"

डोक्यावर उभं राहायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. कॅन्टीनची रीत अशी, की शेवटचं ताट उठेपर्यंत आचाऱ्यानं टेकायचं नाही. आणि तोवर पळीपळीनं पोट असं भरलेलं असे, की भूक म्हणजे काय हेच तो विसरला होता. हजार माणसांना वाढलं. स्वतःला कधी वाढून घेतलं नाही.

पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून, पोळ्या झाकायच्या फडक्याआड चोरासारखा जेवला. मावशींनी दुसऱ्या दिवशी ते फडकंच धुवायला टाकलं. "खायची लाज वाटत असेल तर रांधता कशाला?"

त्या दिवशी त्यानं सावकाश घास घेतला, थांबला, आणि म्हणाला, "मावशी, यात मीठ कमी आहे."

"महिनाभर सगळे तेच सांगतायत!"

ताटं चाटूनपुसून परत येऊ लागली. काटाही उतरू लागला, बैलगाडीच्या चालीनं, पण एकाच दिशेला. सर्जननं तारीख अजून दिली नव्हती. 'नाही' म्हणणं मात्र सोडलं होतं.

एका दुपारी वाढायच्या खिडकीवर कोणीतरी ताट वाजवलं. "रस्सा संपला! आचारी कुठंयत?"

आचारी सवयीनं अर्धा उठला. हातातली बटाट्याची शेवटची, खास राखून ठेवलेली फोड ताटात पडली.

मावशींनी ओल्या हातानं त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि खिडकीकडे वळून म्हणाल्या, "जेवतायत. थांबा जरा."

रांग थांबली.