फिल्टरमधला जुना मळ

पक्षाघाताने सासऱ्यांचे हातपाय आणि वाचा एका झटक्यात नेली. मान तेवढी राहिली. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट अशी लावली होती की समोर भिंतभर माशांची टाकी दिसावी. ही कल्पना सुनेची होती आणि चांगली होती. हो की नाही, एवढंच बोलणं त्यांच्याकडे उरलं होतं, आणि तेही समोरच्याने नेमका प्रश्न विचारला तर. म्हणून घरात प्रश्न ठरलेले होते. पाणी? उशी? कूस बदलायची? दुखतंय? बाथरूम? त्यांनी "अं" केलं की सून एका दमात सगळे विचारायची आणि कुठेतरी मान उभी हलायची.

टाकीचं पाणी मात्र दिवसेंदिवस गढूळ होत चाललं होतं. फिल्टरचा डबा सासऱ्यांशिवाय आजवर कुणी उघडलाच नव्हता. तो उघडला तेव्हा नवऱ्याने नाकाला रुमाल लावला. आत स्पंज काळाकुट्ट झालेला, आणि त्याखालच्या सिरॅमिकच्या छोट्या नळ्या चिखलाने बरबटलेल्या.

"ह्या घाणीतून पाणी गाळलं जातंय, आणि आपण विचारतोय मासे मलूल का दिसतात," नवरा म्हणाला.

ह्या माणसाचं एक होतं. मोबाईलवर तासभर वाचलं की तो कुठल्याही विषयात तज्ज्ञ व्हायचा. फ्रीज घेताना झाला होता, गुडघेदुखीत झाला होता, आता फिल्टरमध्ये काय भरावं यात झाला. स्पंज जाड की बारीक, नळ्या की प्लॅस्टिकचे काटेरी चेंडू, कोळसा घालायचा की नाही, यावरून जेवताना दोघांचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, बाबांनी जे घातलंय तेच नवं आणू. त्याचं म्हणणं, बाबांचं सगळं जुन्या काळातलं. शेवटी नळ्या तिच्या मनासारख्या आल्या, कोळसा त्याच्या, आणि स्पंज दुकानातला सगळ्यात महाग. दुकानदाराने टाकी केवढी ते विचारलं. जुन्या नळ्यांचं काय करणार, हे त्याने विचारलं नाही, आणि यांनाही ते विचारावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी सुनेने बाह्या सरसावल्या. डबा नळाखाली घासून लख्ख केला, नवं सगळं थरावर थर रचून भरलं, जुना स्पंज आणि नळ्या पिशवीत कोंबून गाठ मारली. तेव्हा कॉटवरून "अं" आलं.

"पाणी हवंय, बाबा?" मान आडवी हलली. उशी? आडवी. कूस? आडवी. दुखतंय? बाथरूम? आडवी, आडवी. "अं, अं" करता करता त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांची नजर कुठे आहे ते तिने वळून पाहिलं. पिशवी तिच्या हातात होती आणि पिशवीच्या मागे टाकी. तिला टाकी दिसली.

"हो हो, तुमच्या माशांचंच चाललंय," ती लाडाने म्हणाली. "बघा आता पाणी कसं आरशासारखं होतं ते."

पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली.

पाणी खरोखरच आरशासारखं झालं. नवराबायकोने स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग त्या आरशात एकेक मासा वर येऊन तोंड उघडू लागला. लहान मासे आधी गेले. मुकादम तेवढा तग धरून होता. मुकादम म्हणजे सासऱ्यांचा सगळ्यात मोठा, काळा-केशरी मासा. खोलीत कुणीही आलं की काचेशी येऊन त्याची तपासणी करायचा, म्हणून हे नाव. आता कुणी आलं तरी तो कोपऱ्यातून हलत नव्हता.

तिने दुकानदाराला फोन केला.

"जुन्या नळ्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"टाकल्या."

तो म्हणाला, "ताई, माशांची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे बारीक जीव त्या मळातच वाढलेले असतात. नव्यात ते धरायला आठवडे जातात. माझ्याकडचा एक वापरातला स्पंज देतो, पण एवढ्या टाकीला तो किती पुरणार? पाणी बदलत राहा."

तिला आठवलं, धडधाकट असताना सासरे टाकीतलंच गढूळ पाणी बादलीत काढायचे आणि त्यात निम्म्याच नळ्या हलक्या हाताने विसळायचे. नळाला एवढं पाणी असताना काय हा चिकटपणा, असं तिला तेव्हा वाटायचं.

स्पंज आणला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध घालून पाणी बदललं, पुन्हा बदललं. बादल्या वाहून तिचे दंड भरून आले. नवराही बादल्या वाहत होता, आणि आता कुणाला काही वाचून दाखवत नव्हता. दुपारी मुकादम एका कुशीवर कलंडला. कल्ला उघडत होता, मिटत होता, आणि मग उघडला नाही. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे झालं. मान फिरवणं त्यांना जमलं असतं, पण त्यांनी फिरवली नाही.

सून ओल्या हातांनी कॉटपाशी बसली. नेहमीच्या यादीत नसलेला प्रश्न तिने विचारला.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मला थांबवत होता ना? पिशवी टाकू नको म्हणत होता?"

सासऱ्यांनी टाकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांची मान सावकाश आडवी हलली.

ते खोटं होतं, आणि हे तिला लख्ख कळलं. तिने कॉटच्या कडेवर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. तिच्या डोक्यावरून हात फिरवणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा मान आडवी हलवली, पण ती तिला दिसली नाही.