बोडीवरचा वाघ

साधनाने दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली, तीन वर्षांच्या रोशनीला नजरेसमोर बसवलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. ती सदस्य असलेल्या निसर्ग मंडळाची वेबसाइट आज द्यायची होती. पहिल्या पानावर तिने बगळ्यांचा थवा लावला होता. तो अध्यक्ष श्रीहरीभाऊंना पटला नव्हता.

"नागपूर-पुण्याचा माणूस बगळे पाहाले येते का इथी?" ते फोनवर हसले. "बोडीवरचा वाघ टाक. येणाऱ्याच्या नजरेनं पाहा जरा."

तिने वाघ टाकला. बोडीच्या छोट्या तळ्यात पाणी पिणारा. मागे मोहाचं झाड. फोटोखालची तारीख मात्र पुसली.

"पाहू दे मले," सासऱ्यांनी, देवाजींनी, हात पुढे केला.

फोनवर ते पान उघडून देताना ती क्षणभर थांबली. देवाजींनी चष्मा लावून फोटोवर बोट टेकवलं. फोटो पडदाभर झाला आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख फोटोबाहेर, खालच्या पट्टीत उमटली.

"हे तं आपल्या वावरामागची बोडी हाये."

"हो, मामाजी."

"नऊ एप्रिल. सांज."

दहा एप्रिलच्या पहाटे सासूबाई, बायनाबाई, त्याच झाडाखाली मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. टोपली तेवढी घरी आली.

"म्हणजे तुह्या मंडळाच्या लोकाइले मालूम होतं."

साधनाने रोशनीची रिबन सोडली, परत बांधायला घेतली. गर्दी होते, वाघाला त्रास होतो, म्हणून ठिकाण बाहेर सांगायचं नाही, हा मंडळाचा नियम. तो तिने घरातही पाळला होता.

"मलेबी मालूम होतं, मामाजी. सांजीच फोटो आला होता ग्रुपवर."

त्या फोटोखाली तिने बदामही टाकला होता. ते मात्र तिच्याच्याने बोलवेना.

देवाजी दोन बोटांनी तारीख मोठी करू पाहत होते. तारीख तेवढीच राहिली. वाघ मोठा होत गेला.

"लय बारीक हाये," फोन परत देत ते म्हणाले. "मोहावर जाणाऱ्या बाया अंधारात पाहातीन. मोठं कर. जागाबी लिही."

तिने पानावरून वाघाचा फोटो काढून टाकला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'वाघ कुठे दिसला'. खाली पहिली नोंद केली: नऊ एप्रिल, संध्याकाळ, देवाजींच्या वावरामागची बोडी, मोहाच्या झाडाजवळ.

"आता दिसते का, मामाजी?"

देवाजींनी चष्मा केव्हाच काढून ठेवला होता.

"दिसते," ते म्हणाले.