दिव्याचा दिवस

गोजाबाईंनी भाताचं शीत न् शीत बोटांनी मोडलं, वरणात कालवलं आणि ताटली दीपमालाच्या पुढ्यात सरकवली.

"आता तू भरव."

दीपमालानं घास पुढे केला. मांडीवरच्या दिव्यानं तोंड फिरवलं.

"आधी चिमणीला दाव. खिडकीत चिमणी नसली तरी दावायची. ती जेवली म्हंजी ही जेवती."

दीपमालानं नसलेल्या चिमणीला घास दाखवला आणि पोरीनं आ केला. पोटच्या पोरीला कसं भरवायचं हे दुसऱ्या बाईकडून शिकावं लागतंय, याची लाज तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. गोजाबाईंना ती दिसली आणि मनातून थोडं बरंही वाटलं. माणूस कितीही भलं असलं तरी एवढं सुटत नाही.

दीपमाला चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, कधी पहाटेची बस तर कधी दुपारची. मोशीतल्या या भाड्याच्या खोल्यांच्या मालकीणबाई गोजाबाई. दिव्या तान्ही असल्यापासून त्याच तिला सांभाळत होत्या. आईची शिफ्ट बदलो, दिव्याचा दिवस बदलत नसे. अंघोळ झाली की कोंबड्यांना दाणे, मग भात, मग झोप. त्यात कुणी लुडबुड केलेली गोजाबाईंना खपायची नाही, स्वतःच्या सुनेनं केलेलीसुद्धा.

आता दीपमालाच्या नवऱ्याला, निरंजनला, हिंजवडीत काम लागलं होतं. मारुंजीत खोली घेतली होती. लेकीजवळ राहायला मिळावं म्हणून दीपमालानं नोकरी सोडली होती. बाहेर टेम्पोत सामान चढत होतं.

जेवण झालं, तशी दिव्या आईच्या मांडीवरून उतरली आणि सवयीनं गोजाबाईंच्या मांडीवर जाऊन आडवी झाली. गोजाबाईंचं बोट आपोआप तिच्या कानामागं फिरू लागलं.

"कानामागं बोट फिरवायचं," थोड्या वेळानं गोजाबाई म्हणाल्या. "गाणं न्हाई म्हणायचं. गाण्यानं ती जागी व्हती."

"आन् उठल्यावर ओ मावशी? उठल्या उठल्या काय करती?"

गोजाबाईंचं बोट थांबलं. उठल्यावर दिव्या डोळे न उघडताच त्यांचा पदर चाचपायची. 'गोजी' म्हणायची. पदर हाताला लागला की तशीच निवांत पडून राहायची. या वयात हे एवढं सुख पदरी पडलं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्यांचं मन होईना.

"तुलाच शोधती की," त्या म्हणाल्या. "आई आई करती."

दीपमाला हसली नाही.

"सुट्टीच्या दिवशी माझ्यापाशीच झोपती की मावशी ती. मला माहीतंय कुणाला हाक मारती. पुढं काय करायचं, ते विचारत होते."

गोजाबाईंनी मान खाली घातली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. दीपमालाही रडत होती. मधे पोर गाढ झोपली होती.

निरंजन दारात येऊन हळूच म्हणाला, "चला आता. नंतर ट्रॅफिक लागंल."

"झोपंतच न्या," गोजाबाई म्हणाल्या. "जागी झाली तर मला सोडायची न्हाई."

दीपमालानं अलगद दिव्याला उचलून खांद्यावर घेतलं. उंबऱ्याशी ती थांबली.

"मावशी, तिथं उठल्यावर तुमाला विचारलं तर काय सांगू?"

गोजाबाईंनी पदरानं नाक पुसलं. दिव्याच्या दिवसाची गोष्ट निघाली की त्यांच्या आवाजात आपोआप बळ यायचं.

"कामाला गेली म्हणायचं. रडंल. रडू द्यायचं, पर दिवस मोडायचा न्हाई. भात येळेवर, झोप येळेवर. तू कामाला लागलीस तवा मी तेच केलं. चार दिस लई रडली तुझ्यासाठी. मंग शोधायची बंद झाली."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पण शब्द माघारी घेता येईनात.  खांद्यावरच्या पोरीच्या पाठीवर फिरणारा दीपमालाचा हात थांबला होता.

"बरं," ती म्हणाली. "तसंच करते."

आणि दिव्याचं डोकं नीट सांभाळत ती टेम्पोकडे गेली.